पाखरू कोणतं होतं

तिच्या नावानं म्या पुन्यांदा हाक मारली आन् उत्तर झाडावनं आलं.

पोरीचं न्हाय. पोरगी कुठंच न्हवती. दिस बुडून जरासा उजेड राहिलेला, मी तुरीतनं पळत होते, पदर फांदीत अडकून टर्रकन फाटला, चप्पल कुठं गेली त्ये ध्यानात न्हाय, आन् डोक्यात एकच, विहीर. आमची विहीर एका अंगानं ढासळलेली हाय. पोरगी नुकती कुठं चालाय लागलेली, थोडं चालती आन् बुडावर बसती, ती तिथवर जाईल कशी असं आता वाटतं. तवा न्हाय वाटलं. म्या विहिरीत वाकून तिचं नाव घेतलं. बांधावर चढून घेतलं. मंग वढ्याकडं तोंड करून जीव खाऊन घेतलं, आन् तिकडनं, लिंबाच्या काळ्या सावलीतनं, जाड घोगरा आवाज आला. कुणी म्हातारं माणूस खाटेवर पडल्या पडल्या 'हूं' म्हणतंय असा.

म्या तोंडावर हात दाबला.

आमच्याकडं दिवेलागणीला रानात लेकराचं नाव घेत न्हाईत. ठकी म्हणतेत, धोंडी म्हणतेत, गंप्या म्हणतेत, काय बी म्हणतेत पण बारशाला ठिवलेलं नाव न्हाय. घुबडानं नाव ऐकलं तर ते नाव तोंडात धरतं आन् रोज थोडं थोडं चघळतं, आन् जसं ते चघळतं तसं लेकरू वाळत जातं. हे मला माह्या आईनं सांगितलेलं, सासूनं सांगितलेलं, सगळ्या बायांना माहीत हाय. माहीत असून म्या घेतलं, कारण पोरगी हरवल्यावर तोंडात ठकी येत न्हाय, नावच येतं.

पोरगी कडब्याच्या गंजीमागं सापडली. मी म्हशीची धार काढाय बसले तेवढ्यात गोधडीवरनं उठून गेली होती. निवांत बसली होती, दोन्ही मुठीत माती, तोंड मातीनं भरलेलं. मला बघून हसली. म्या तिला उचलली, बोट घालून माती काढली, एक धपाटा दिला आन् मीच रडाय लागले.

सासू घरातनं पळत आली होती, हाताला पीठ तसंच. त्यांना मी आत्या म्हणते. आत्यांनी पोरीला खालवर बघितलं, मंग माह्याकडं.

"किती बारी घेतलंस गं नाव?"

"ध्यानात न्हाय, आत्या."

"घरापतुर ऐकू आलं मला. आन् त्येनी हुंकार दिला का न्हाय?"

मी पोरीच्या तोंडाची माती पुसाय लागले.

"कोणतं होतं? पिंगळा होता का घुबड?"

"दिसलं न्हाय."

"दिसलं न्हाय," आत्या म्हणल्या. "शेजारणीचं लुगडं कसलं होतं ते कोसावरनं दिसतं हिला."

त्या दिसापासनं घरात पोरीचं नाव बंद झालं. आत्या तिला ठकी म्हणाय लागल्या. ह्येनी, म्हणजी माह्या मालकानं, पैल्यांदा हसण्यावारी नेलं. त्येंचं येरमाळ्याला हायवेवर पंक्चरचं दुकान हाय, दिसभर गाड्यावाल्यांत असतेत, त्येंना असलं काय पटत न्हाय असं त्ये म्हणतेत. पण चार दिसांनी म्या ऐकलं तर त्ये बी ठकीच म्हणत होते. पोरगी बिचारी नावाला वळखाय लागली होती, नाव घेतलं की मान वळवायची. आता कुणी घेईना. ठकी म्हणलं की ती दुसऱ्या कुणाला तरी बोलवलालेत असं बघायची.

मंग ताप सुरू झाला. सांच्याला अंग कोमट व्हायचं, सकाळी उतरायचं. खोकली बारीक बारीक. खाणं सुटलं. अंघोळ घालताना फासळ्या हाताला लागाय लागल्या, दंडातलं मास कुठं गेलं कळंना, कालपतुर घट्ट बसणारं काळं कडं हातातनं गळून पडलं. अंगणवाडीच्या ताईनं काट्यात टाकली आन् तिचं तोंड उतरलं. म्हणली, "वैनी, आजच कळंबला जावा. उद्या नको." आत्यांनी माह्याकडं बघितलं. ते बघणं मला बोलण्यापरीस जड गेलं. कारण माह्या बी मनात तेच होतं. मी रातध्याड तेच मोजत होते, त्येनी नाव कुठवर चघळलं असंल.

कळंबचा लेकरांचा डॉक्टर लई बोलका न्हाय. त्येनी पोरीच्या मानंत बोटं फिरवली, मला बी फिरवाय लावली. कातडीखाली हरभऱ्याएवढ्या गाठी. छातीचा फोटो काढला, पोटातलं पाणी तपासाय घेतलं, कायकाय केलं. परत बोलवलं तवा म्हणला, बारक्या लेकरांचा टीबी हाय. घरात कुणाला जुना खोकला हाय का इचारलं. मला आमच्या मामंजींचा खोकला आठवला, पावसाळ्यात वारले त्ये, पोरगी त्येंच्याच मांडीवर खेळायची. म्या सांगितलं. डॉक्टरनं मान हलवली.

"बरी होती का?" म्या इचारलं.

"औषध नीट दिलं तर होती. पण सहा महिने. एक दिवस चुकवायचा नाही. मधेच बंद केलं आणि परत उलटलं, तर मग हे औषध लागू पडेल याची खात्री नाही. कळालं का?"

"व्हय."

"काय कळालं?"

"बंद करायचं न्हाय."

"आणि लघवी लाल-केशरी होईल. गोळीचा रंग आहे तो. घाबरायचं नाही."

मी सातवी शिकले, मला एवढं कळालं. घरी येऊन म्या आत्यांना सगळं जसंच्या तसं सांगितलं, केशरी रंगाचं बी सांगितलं. त्येनी ऐकलं. आन् दुसऱ्या दिशी पोरीचं दुपटं केशरी झालेलं बघितल्यावर ते हातात धरून अंगणात आल्या.

"रगत पडलालंय पोरीचं."

"आत्या, सांगितलं न्हवं का तुमाला, गोळीचा रंग हाय म्हणून. डॉक्टर आधीच बोलला होता."

"त्याला आधीच कसं कळालं? रगत पडणार हे त्याला माहीत होतं आन् तरी दिली गोळी?"

ह्ये गाडीला किक मारत होते, म्हणले, "आई, ती शिकलेली हाय, ती बघती," आन् गेले. आत्या माघारी फिरल्या. मला वाटलं झालं. झालं न्हवतं. रविवारी ह्ये आन् आत्या पोरीला घेऊन येरमाळ्याच्या पल्याड एका बाईकडं जायाचं म्हणून निघाले. ती बाई बघती, उतारा करती, लांबनं लोक येतेत तिच्याकडं. मी म्हणलं मी बी येते.

बाई साधीच होती. ज्वारी पाखडत होती, सूप बाजूला ठिवून तिनं पोरीला मांडीवर घेतली, लई मायेनं घेतली, ते मी खोटं बोलणार न्हाय. सगळं इचारून घेतलं. मंग मलाच म्हणली, "पाखरू कोणतं होतं?"

"दिसलं न्हाय, मावशी."

"मंग वळखून या. पिंगळा असंल तर माझ्याकडं येऊच नका. पिंगळा वाईट बोलत न्हाय, तुमी तुमचा दवाखाना करा, येडाई देवीला नारळ फोडा आन् गप बसा. घुबड असंल तर नाव सोडवाय लागतंय. महिना दीड महिना लागंल. आन् तवर पोटात दुसऱ्याचं औषध जाता कामा न्हाय. मी बी वढायचं आन् डॉक्टरनं बी वढायचं, असं जमत न्हाय."

येताना गाडीवर आमी तिघं आन् मांडीवर पोरगी. घरी आल्यावर आत्या म्हणल्या, "तूच ऐकलंस, तूच वळखायचं. आमी रानात जाऊन काय ऐकणार?"

असं ते माह्यावर आलं.

घुबड कसं वळखायचं हे मला कुणी शिकवलं न्हवतं. पिंगळा तेवढा माहीत होता, शेवग्याच्या ढोलीत असायचा माहेरी. म्हणून म्या ह्येंचा फोन घेतला आन् त्यात घुबडाचे आवाज शोधले. लई निघाले. एकेक लावून कानाला धरून ऐकत होते तर चुकून मोठा झाला, घरभर किंचाळी.

"आगं आगं आगं," आत्या चुलीपासनं उठल्या. "बाहीरचं कमी पडलं म्हणून घरात आणलंस व्हय?"

ह्ये जेवत होते. म्हणले, "लोकांच्या बायका शिरेली बघतेत फोनवर. माझी घुबडं बघती." आन् जरासं हसले. त्या घरात महिन्यात कुणी हसलं न्हवतं. मी बी हसले. आन् तेवढ्यात झोळीतनं पोरीनं तो आवाज काढला, फोनमधल्यासारखा, बारीक, नक्कल करत. म्या फोन बंद केला.

दुसऱ्या दिशी सांच्याला, आत्या पोरीजवळ बसल्या, मी तुरीच्या कडंला गेले. फोनवर पिंगळ्याचा आवाज बारीक लावला. चिर्रचिर्र, कचाकचा भांडल्यासारखा. जरा येळानं बाभळीवरनं जवाब आला. दोघं होते, नवराबायको. मुठीएवढे, गोल डोक्याचे, अंगावर पांढरे ठिपके, कान न्हाईत, पिवळे डोळे. मला बघून खालवर माना हलवाय लागले, कोण हाय कोण हाय असं. माह्या डोळ्यात पाणी आलं. वाटलं हेच होते, हेच बोलले, पोरीला काय झालं न्हाय. पण त्येंचा आवाज त्या दिवशीचा न्हवता. कितीबी मन घातलं तरी न्हवता.

गावात जुन्या शाळंची एक खोली पडकी हाय, तिथं पांढरं पाखरू राहतं असं बाया म्हणतेत. दिसा गेले, पोरीला कडंवर घेऊन. पत्र्याखालच्या आडव्या लाकडावर बसलेलं. पांढरं तोंड, पानाच्या आकाराचं, काळे डोळे, माणसासारखं बघितलं आन् डुलाय लागलं. पोरगी त्याला हात करत होती. मी तिचा हात खाली धरला. मी जरा पुढं झाले तर ते लांब खरखरीत फुत्कारलं, धडूतं फाडल्यासारखं. ते बी न्हवतं. ह्येचं तर फोनमधल्या किंचाळीशी जमत होतं.

मंग राहिला वढा. मी तो मुद्दामच मागं ठिवला होता.

वढ्याला आता पाणी न्हाय, नुसती वाळू आन् एका अंगानं उभी दरड, तिच्यात खडक. म्या आधी पांढरं बघितलं, खडकावनं चुन्याचे वघळ आल्यासारखं. त्याच्या खाली केसांच्या गाठोळ्या पडलेल्या, राखाडी, अंगठ्यापरीस मोठ्या. एक काडीनं फोडली. आत उंदराची बारीक हाडं, एक अख्खी कवटी, दात तसेच. सगळं खाऊन हाडं अशी नीट बांधून टाकलेली. मला पोरीच्या फासळ्या आठवल्या.

मान वर केली तर ते माह्याकडं बघत होतं. खडकाच्या कपारीत, खडकाच्याच रंगाचं, म्हणून आधी दिसलं न्हवतं. मांजरापरीस मोठं. डोक्यावर दोन उभे कान, आन् डोळे केशरी, निव्वळ केशरी. ते मान हलवत न्हवतं, डुलत न्हवतं, भीत न्हवतं. त्येच्या मागं कपारीत काहीतरी मऊ पांढुरकं हललं, पिलं असावीत. म्या पळाय पायजे होतं. मी खाली वाळूत बसले. किती येळ बसले कुणास ठाऊक. उन्हं गेली, ते उठलं, पंख पसरले, आवाज म्हणून न्हाय पंखाचा, आन् लिंबावर जाऊन बसलं. आन् बोललं.

हूं.

तेच. तोच लिंब, तोच आवाज, म्हाताऱ्या माणसाचा.

वाटंनं येताना मी पोरीच्या बरुबर किती बोलले असंल मनातल्या मनात. मला कुणी म्हणंल तुला हे खोटं वाटत होतं म्हणून तू तसं केलंस. खोटं वाटलं असतं तर लई सोपं झालं असतं. मला खरं वाटत होतं, आत्ता बी वाटतं. पण डॉक्टरनं मला इचारलं होतं काय कळालं, आन् म्या म्हणले होते बंद करायचं न्हाय. ते बी खरं वाटत होतं. दोन्ही खरं असंल तर माणसानं काय करायचं हे त्या बाईनं सांगितलं न्हवतं, डॉक्टरनं बी न्हाय. घरात गेले की मला एक सांगाय लागणार होतं. घुबड म्हणलं की उद्यापासनं गोळी बंद. पिंगळा म्हणलं की नाव त्येच्या तोंडात राहणार आन् सोडवाय कुणी जाणार न्हाय.

आत्या उंबऱ्यात बसल्या होत्या, पोरगी मांडीवर. ह्ये बी आले होते, हात धुत होते.

"सापडलं का?" आत्या म्हणल्या.

"व्हय."

"कोणतं?"

"पिंगळा हाय, आत्या. बाभळीवर हायत दोघं. माना हलवतेत."

आत्यांनी डोळे मिटले. असं वाटलं त्येंच्या अंगावरनं पोतं उतरलं. पोरीच्या तोंडावरनं हात फिरवला, आन् किती दिसांनी तिचं नाव घेतलं. पोरीनं लगी मान वळवली. ह्ये म्हणले, "मंग झालं की. उगं जिवाला घोर लावला आईनं." आत्यांनी त्या सांच्याला शिरा केला. मी खाल्ला. मला कसला गोड लागतोय.

तवापासनं घरात भ्या फक्त मला हाय. आधी तिघांना होतं, तवा ते वाटून तरी घेतलं जायचं. आता आत्या माह्यावर खूश हायत, शेजारणीला सांगतेत आमची सून रानात जाऊन पाखरू वळखून आली म्हणून. सांच्याला त्ये लिंबावर बोललं की मी पोरीच्या कानावर हात ठिवते आन् आत्या इचारतेत, "काय झालं गं?" मी म्हणते, "वारं लागलालंय तिला." गोळी सकाळी अनशापोटी देते, चमच्यात चोळून, एक दिस चुकवली न्हाय. ताप कमी झालाय म्हणते अंगणवाडीची ताई. पण काटा हालंना. मागल्या बारीला जेवढी होती तेवढीच, आन् काल तर जरा खालीच. डॉक्टर म्हणला येळ लागतो. किती लागतो ते म्हणला न्हाय.

आज सकाळी आत्या पोरीला तेल लावत होत्या. पाठीवरनं हात खाली गेला आन् तिथंच थांबला. मणका मणका मोजता येतो तिचा. मंग म्हणल्या, रागानं न्हाय, भांडायच्या सुरात बी न्हाय, आपल्या लेकीला इचारावं तसं:

"पिंगळा असंल तर ही वाळलालीय कामून गं?"

"औषधाला येळ लागतो, आत्या."

"तू नक्की बघितलंस न्हवं?"

"व्हय."

"मला राग न्हाय येणार. चूक होती माणसाची, अंधारात दिसत न्हाय. आजून बी जाता येईल त्या बाईकडं." मंग त्येनी माझा हात धरला, तेलकट हातानं, आन् म्हणल्या, "मला दुसरं काय नको. हिच्या डोक्यावर हात ठिवून एकदा सांग."

लेकराच्या डोक्यावर हात ठिवून खोटं बोललं तर काय होतं हे बी मला माझ्या आईनंच सांगितलंय.

पोरगी आमच्या दोघींकडं बघत होती, तेलानं चमकत होती, तोंडात मूठ. चुलीवर पाणी उकळत होतं. गोळी द्यायची येळ झालेली. म्या हात ठिवला. तिची टाळू आजून मऊ हाय मधी, हाताखाली उडत होती. म्या म्हणले, पिंगळाच होता, आत्या.

आत्यांनी मान हलवली आन् परत तेल लावाय लागल्या. मी आत जाऊन गोळी चोळली, पाणी घातलं, चमचा हातात धरून तशीच उभी राहिले. तुमच्या पोरीचं डोकं तुमच्या हाताखाली असतं, तर तुमी काय म्हणला असता?